‘टॉयलेट’ या शब्दाचे पर्याय : इंग्रजीतील एका झाकलेल्या नामाचा सामाजिक इतिहास

इंग्रजी भाषेत ज्या सामान्य नामांना फार मोठ्या संख्येने पर्याय निर्माण झाले, त्यांत शौचाच्या जागेच्या नावाचा समावेश करावा लागतो. प्रिव्ही, जेक्स, हाउस ऑफ ऑफिस, नेसेसरी हाउस, वॉटर क्लोझेट, लॅट्रीन, लॅव्हेटरी, टॉयलेट, लू, बाथरूम, रेस्टरूम, वॉशरूम ही नावे समानार्थी कोशात एकाखाली एक वाचली म्हणजे ती परस्परांच्या जागी सहज वापरता येतील असे वाटते. प्रत्यक्ष व्यवहारात तसे होत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, देश कोणता, प्रसंग घरगुती की कार्यालयीन, यांवर शब्दाची निवड ठरते आणि निवड चुकली तर बोलणाऱ्याची सामाजिक पायरी उघडी पडते. या पर्यायांच्या व्युत्पत्तीविषयी इंग्रजीत पुष्कळ मनोरंजक लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून थोडा वेगळा आहे. जागेचे नाव वारंवार बदलत राहिले, त्या काळात ती जागा कोणाला उपलब्ध होती, कोणाला नव्हती, आणि ती साफ करणाऱ्याला काय म्हटले जात होते, हे प्रश्न शब्दांच्या इतिहासाबरोबरच तपासले पाहिजेत, अशी या लेखाची भूमिका आहे.

‘जाणे’ आणि ‘धुणे’

या वस्तूला कधी काळी एक सरळ, निःसंकोच नाव होते आणि पुढे सभ्यतेच्या नादात ते झाकले गेले, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहता टिकत नाही. मध्ययुगीन इंग्रजीतील ‘गाँग’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘जाणे’ या अर्थाच्या नामापासून आला आहे. ज्या ठिकाणी ‘जायचे’ ते ठिकाण, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. परसाकडे जाणे, बाहेर जाणे, बहिर्दिशेस जाणे, झाड्याला जाणे या आपल्या जुन्या वाक्प्रयोगांतही क्रियेचे नाव टाळून केवळ दिशेचा निर्देश केलेला असतो.

लॅट्रीन हा शब्द आज शासकीय आणि लष्करी इंग्रजीत रूक्ष, तांत्रिक वाटतो. परंतु तो लॅटिनमधील ‘लाव्हात्रीना’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे आणि त्याच्या मुळाशी ‘धुणे’ हा धातू आहे. लॅव्हेटरीचे मूळही तेच. मध्ययुगीन मठांत भोजनापूर्वी हात धुण्याची जी जागा असे तिला लॅव्हेटोरियम म्हणत. तेथून हात धुण्याचे पात्र, मग हात धुण्याची खोली आणि अखेर त्या खोलीत शेजारी असलेली दुसरी सोय, असा अर्थाचा प्रवास झाला. संस्कृत ‘शौच’ या शब्दाची गत याहून निराळी नाही. शौच म्हणजे शुद्धी. पातंजल योगसूत्रांतील पाच नियमांपैकी तो पहिला. मराठी बोलण्यात मात्र ‘शौचास जाणे’ याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. युरोपातील आणि भारतातील भाषांनी, परस्परांशी विचारविनिमय न करता, मलविसर्जनाला शुद्धीचे नाव द्यावे ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रिव्ही हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा अर्थ खाजगी. राजाच्या खाजगी सल्लागार मंडळाला प्रिव्ही कौन्सिल म्हणतात तो शब्द हाच. किल्ल्यांच्या भिंतीत बाहेरच्या बाजूस काढलेल्या शौचकूपांना गार्डरोब म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ कपडे राखण्याची जागा असा होतो. सिंधुदुर्ग किंवा रायगड येथील शौचकूप पाहिलेल्या वाचकांना या बांधणीची कल्पना सहज येईल. सतराव्या शतकात ‘हाउस ऑफ ऑफिस’ हा प्रयोग रूढ होता. येथे ऑफिस म्हणजे कचेरी नव्हे, तर आवश्यक कार्य. सॅम्युएल पीप्सने २० ऑक्टोबर १६६० च्या नोंदीत आपल्या तळघरात पाऊल ठेवताच शेजाऱ्याचे हाउस ऑफ ऑफिस भरून वाहिल्याचे कसे समजले, ते लिहून ठेवले आहे. त्या नोंदीत जागेचे नाव सभ्य आहे आणि पायाखाली आलेल्या पदार्थाचे नाव अगदी उघड आहे. सतराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रजाला या दोहोंत विसंगती वाटत नव्हती.

जेक्स या शब्दाने मात्र साहित्यात विनोदाची जागा मिळवली. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याने धुऊन निघणाऱ्या शौचपात्राचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातील ‘एजॅक्स’ या ग्रीक वीराच्या नावात ‘अ जेक्स’ हा श्लेष दडलेला होता. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्येही हा शब्द शिवीच्या ओघात येतो. अमेरिकेत पुढे रूढ झालेला ‘जॉन’ हा बोलीतील पर्यायही याच प्रकारचा, म्हणजे जागेला माणसाचे नाव देणारा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड महाविद्यालयाच्या नियमांत नवागत विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या ‘कझ जॉन’मध्ये, म्हणजे चुलतभाऊ जॉनकडे, जाऊ नये असे बजावलेले आढळते. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या सोयी वेगळ्या ठेवण्याची परंपरा किती जुनी आहे, हेही त्यावरून लक्षात येते.

नळ, खोली आणि कापड

अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये आणि जोसेफ ब्रामा याने १७७८ मध्ये वॉटर क्लोझेटचे एकस्व घेतले. कमिंगच्या रचनेतील महत्त्वाचा भाग म्हणजे वाकवलेली नळी. तिच्यात पाणी साचून राहत असल्याने खालचा दुर्गंध वर येत नसे. दुर्गंध अडल्यामुळे ही जागा अंगणाच्या टोकावरून घरात येणे शक्य झाले. ती घरात आली, आणि तिच्यासाठी घरातल्या खोलीचे नाव शोधणे भाग पडले. क्लोझेट म्हणजे लहान बंद खोली. डब्ल्यू. सी. ही आद्याक्षरे पुढे युरोपभर पाट्यांवर गेली. ज्या भाषांत ‘डब्ल्यू’ हे अक्षर क्वचितच लागते, त्यांनीही ती स्वीकारली.

टॉयलेटचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. फ्रेंचमध्ये ‘त्वाल’ म्हणजे कापड आणि ‘त्वालेत’ म्हणजे लहान कापड. शृंगाराच्या मेजावर पसरण्याचे किंवा केस विंचरताना खांद्यावर टाकण्याचे वस्त्र म्हणजे त्वालेत. त्यावरून ते मेज, मेजावरची प्रसाधने, नटण्याची क्रिया आणि ती क्रिया जेथे होते ती खोली असे अर्थ क्रमाने आले. अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्याच्या १७१४ मधील विस्तारित आवृत्तीत बेलिंडाच्या ‘टॉयलेट’चे प्रसिद्ध वर्णन आहे. ते वर्गात शिकवताना इंग्रजीच्या प्राध्यापकांना आधी विद्यार्थ्यांचे हसू थांबवावे लागते, ते या अर्थांतरामुळे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नटण्याच्या खोलीला लागून शौचपात्र आले आणि शतकाच्या अखेरीस शब्द हळूहळू त्या पात्राला चिकटला. जुना अर्थ अजून पूर्णपणे मेलेला नाही. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ असे छापलेले असते आणि ते वाचून कोणी साबण खाली ठेवत नाही.

स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये अशा शब्दबदलाला पायचक्कीची उपमा दिली. मूळ वस्तूविषयीचा संकोच नव्या शब्दालाही लागतो, शब्द मळतो आणि आणखी नवा शब्द आणावा लागतो; चालणारा चालत राहतो, पण पुढे सरकत नाही. उपमा मार्मिक आहे. तरीही ती अपुरी वाटते, कारण तिच्यात सारेच चालणारे सारखे गृहीत धरले आहेत. या शब्दांच्या इतिहासात ते तसे नव्हते.

उच्चार न करता येणारी गरज

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने इंग्लंडमध्ये नव्या घराला वॉटर क्लोझेट किंवा प्रिव्ही असणे आवश्यक ठरवले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड झाले आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला गती मिळाली. घरातील सोयीची ही व्यवस्था लागत असताना घराबाहेरील सोयीचा प्रश्न मात्र शब्दापाशीच अडला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी बसवलेल्या वॉटर क्लोझेटचा, एक पेनी देऊन, आठ लाखांहून अधिक वेळा वापर झाला. ‘पेनी खर्च करणे’ हा इंग्रजी वाक्प्रयोग या पेनीशी जोडला जातो. गरज किती मोठी होती याचा हा आकडा पुरेसा पुरावा होता. प्रदर्शनानंतर जेनिंग्ज यांनी शहरात अशा सोयी उभारण्याचे सुचवले, तेव्हा त्यांनीही ‘हॉल्टिंग स्टेशन’, म्हणजे थांबण्याचे ठिकाण, असे नाव योजले.

पुढील दशकांत लंडनमध्ये पुरुषांसाठी मुताऱ्या उभ्या राहिल्या. स्त्रियांसाठीच्या सोयी फार थोड्या होत्या. या प्रकरणाचे सर्वांत बोलके उदाहरण सेंट पँक्रस येथील आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १८९७ पासून तेथील स्थानिक मंडळाचे आणि नंतर १९०३ पर्यंत बरो कौन्सिलचे सदस्य होते. १९०० च्या सुमारास कॅम्डन टाउनमधील वर्दळीच्या चौकात स्त्रियांसाठी शौचालय बांधण्याचा प्रस्ताव आला. रहिवाशांनी आणि बसमालकांनी विरोध केला. मालमत्तेची किंमत घटेल, वाहतुकीला अडथळा होईल अशी कारणे दिली गेली. जागेचा अंदाज यावा म्हणून लाकडी प्रतिकृती ठेवली, तर तिच्यावर वाहने आदळू लागली, आणि ती हेतुपुरस्सर आदळली असे शॉ यांचे मत होते. काम काही वर्षे रखडले.

१९०९ मध्ये ‘द इंग्लिशवुमन’ या नियतकालिकात शॉ यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचे समर्थन करणारा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘अनमेन्शनेबल’, म्हणजे उच्चारता न येणारे, हे विशेषण होते. त्यांचा मुद्दा सोपा होता. पुरुषांनी भरलेल्या सभेत हा विषय निघताच कोणी कुत्सित हसत असे, कोणी तो असभ्य म्हणून बंद पाडत असे. ज्यांची गरज होती त्या सभागृहात नव्हत्या, कारण १८९९ च्या लंडन प्रशासन कायद्याने नव्या बरो कौन्सिलांतून स्त्रियांना वगळले होते. १९०७ मध्ये त्यांना सदस्यत्वाचा मार्ग खुला झाला. पुरुषाला मुतारी फुकट आणि स्त्रीला मात्र प्रत्येक वेळी एक पेनी, ही विषमताही शॉ यांनी दाखवून दिली. गरीब कामगार स्त्रीला ती पेनी परवडणारी नव्हती. सौम्य शब्द निरुपद्रवी असतात असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. येथे एका शब्दाचा संकोच सभेच्या इतिवृत्तापर्यंत पोचला आणि तेथून रस्त्यावर.

वर्ग, देश आणि आजचा व्यवहार

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हे पर्याय वर्गाची खूण बनले. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये फिनलंडमधील एका विद्वत्पत्रिकेत उच्चवर्गीय आणि इतरांच्या इंग्रजीतील भेद नोंदवले. नॅन्सी मिटफर्ड यांच्या लेखनातून आणि १९५६ च्या ‘नोब्लेस ओब्लीज’ या संग्रहातून ते घरोघरी पोचले. या वर्गीकरणानुसार लॅव्हेटरी हा उच्चवर्गाचा आणि टॉयलेट हा त्या वर्गाची नक्कल करू पाहणाऱ्या मध्यमवर्गाचा शब्द ठरला. फ्रेंच वळणाचा, नाजूक शब्द वापरणारा माणूसच त्यामुळे खालच्या पायरीवर गेला. केट फॉक्स यांनी २००४ मध्येही हा भेद जिवंत असल्याचे नोंदवले आहे. लू या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. एडिंबरोमध्ये खिडकीतून घाण पाणी फेकताना दिल्या जाणाऱ्या ‘गार्डीलू’ या आरोळीशी त्याचा संबंध जोडणे लोकप्रिय असले, तरी लू हा शब्द विसाव्या शतकाआधी दिसत नसल्याने मधली दीर्घ पोकळी भरून निघत नाही.

अमेरिकेत घरी बाथरूम आणि घराबाहेर रेस्टरूम, कॅनडात वॉशरूम हा आजचा सर्वसाधारण व्यवहार आहे. अमेरिकन पाहुण्याने ब्रिटिश घरात बाथरूम विचारली, तर यजमान त्याला टबापाशी नेऊन सोडण्याचा संभव असे. भारतात याच शब्दांची वाटणी निराळी झाली. मराठी घरात बाथरूम म्हणजे न्हाणीघर. परंतु ‘बाथरूमला जाऊन येतो’ म्हणजे लघुशंकेला जाऊन येतो. मराठी शाळेत हाच अर्थ ‘एकी’ आणि ‘दुकी’ या संख्यावाचक शब्दांनी भागत असे. नव्या कार्यालयांत आणि इंग्रजी शाळांत आता वॉशरूम आले आहे. लॅट्रीन मात्र सरकारी कागदावर टिकून राहिले. २०११ च्या जनगणनेत भारतातील ५३.१ टक्के कुटुंबांच्या आवारात लॅट्रीन नव्हते, अशी नोंद झाली ती याच शब्दात.

साफ करणाऱ्याचे नाव

जागेचे नाव सौम्य होत गेले. ती साफ करणाऱ्याच्या वाट्याला हे सौजन्य क्वचित आले आणि आले तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. ट्यूडर इंग्लंडमध्ये खड्डे उपसणाऱ्याला गाँग फार्मर म्हणत. येथे ‘फार्म’ म्हणजे शेत नव्हे, तर साफ करणे. त्याने रात्रीच काम करावे असा दंडक होता. त्याने उपसलेल्या मैल्याला पुढे ‘नाइट सॉइल’, रात्रीची माती, असे नाव मिळाले. स्कॅव्हेंजर हा शब्द तर मुळात प्रतिष्ठेचा होता. परक्या व्यापाऱ्यांच्या मालावरील कर वसूल करणारा लंडनचा अधिकारी, हा त्याचा आरंभीचा अर्थ. या अधिकाऱ्याकडे रस्त्यांच्या स्वच्छतेची देखरेख आली आणि शब्द अधिकाऱ्याकडून झाडूवाल्याकडे घसरला.

भारतात ही घसरण जातीशी बांधली गेली. आइन-इ-अकबरीत सफाई करणाऱ्यांसाठी ‘हलालखोर’ हे नाव अकबराने रूढ केल्याचे म्हटले आहे. कष्टाचे, न्याय्य अन्न खाणारा असा त्याचा अर्थ. मेहतर या फारसी शब्दाचा अर्थ तर ‘अधिक थोर’ असा होतो. दोन्ही शब्द पुढे हेटाळणीचे झाले, कारण काम आणि काम करणाऱ्याची जात यांत काहीही बदल झाला नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचाच कर होता. सत्ताधाऱ्यांच्या इंग्रजीत या साऱ्या व्यवस्थेला कॉन्झर्वन्सी, म्हणजे संरक्षण किंवा जतन, असे म्हणत. मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागे असलेल्या अरुंद घरगल्ल्या या व्यवस्थेच्या खुणा आहेत. टोपलीच्या संडासातील मैला नेणाऱ्या माणसाने इमारतीच्या दर्शनी बाजूने येऊ नये, यासाठी त्या होत्या. शब्दाने जे केले तेच वास्तुरचनेने केले, असे म्हणण्यास जागा आहे.

हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ मध्ये आणि अधिक व्यापक स्वरूपात २०१३ मध्ये केंद्रीय कायदे झाले. दुसऱ्या कायद्यात गटारे आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईचाही विचार आहे. त्यानंतरही गटारांत माणसे मरत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. कायद्याच्या इंग्रजी शीर्षकात स्कॅव्हेंजर हाच शब्द आहे.

प्रसाधनगृह आणि हागणदारी

मराठीने इंग्रजीतील हा संकोच भाषांतराच्या वाटेनेही घेतला. एस. टी. स्थानकांवरील ‘प्रसाधनगृह’ ही पाटी याचा उत्तम नमुना आहे. प्रसाधन म्हणजे नटणे. बेलिंडाच्या मेजावरील टॉयलेट या शब्दाचे ते अचूक भाषांतर आहे. मात्र पाटी लावणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ दुसराच आहे. इंग्रजीत दोन शतकांत जे अर्थांतर झाले, ते मराठीने एका पाटीवर आयते उचलले. ‘स्वच्छतागृह’ हा पर्याय लॅव्हेटरीच्या कुळातला. संडास, शौचकूप आणि मुतारी हे शब्द बोलण्यात राहिले. पाट्यांवरून ते मागे सरले.

याच्या नेमकी उलट दिशा ग्रामीण महाराष्ट्रातील स्वच्छता मोहिमेत दिसते. २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले आणि पुढील वर्षांत ‘हागणदारीमुक्त गाव’ ही संज्ञा शासकीय भाषेत आली. इंग्रजीतील ‘ओपन डेफिकेशन फ्री’ हा लॅटिन वळणाचा, अंतर राखून बोलणारा प्रयोग. त्याच्यापुढे मराठी संज्ञा गावातल्या माणसाच्या तोंडचीच आहे. तिने काम केले यात शंका नाही. आडपडद्यामुळे चर्चेतच न येणारा विषय ग्रामसभेच्या पटलावर आला. २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे शासनाने जाहीर केले. पण या रोखठोकपणाचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरी संडास नव्हता त्यांना पहाटे ‘गुड मॉर्निंग पथका’ने गाठले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. शहरातील प्रवाशाला प्रसाधनगृह आणि गावातील भूमिहीनाला हागणदारी, अशी शब्दांची वाटणी एकाच शासनाच्या व्यवहारात झाली.

मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांच्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी विविध संघटनांनी चालवलेली मोहीम ‘राइट टू पी’ या नावाने ओळखली गेली. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना पैसे, ही तिची प्रमुख तक्रार होती. शॉ यांच्या १९०९ च्या लेखातील पेनीचाच हा हिशेब. मोहिमेने आपले नाव मुद्दाम उघडे ठेवले, तरी मराठी वृत्तपत्रांतही ते बहुधा इंग्रजीतच छापले जाई. मराठीत मुतारी हा शब्द उपलब्ध होता. परंतु तो उच्चारताच रस्त्याकडेची पुरुषांची जागा डोळ्यांसमोर येते आणि स्त्रियांच्या संदर्भात वापरायचा तर त्याआधी ‘महिलांसाठी’ असे लिहावे लागते.